जावईबापूंचे भोंगे

लालबागमध्ये गुणाजी घाडीगावकरला ओळखत नाही असा माणूस तुम्हाला भेटलाच, तर तो काल-परवा राहायला आलेला समजा. जुन्या कुणालाही विचारा. तो सांगेल, गुणाजी म्हणजे चालू लाइनीवर काम करणारा वायरमन. मेन बंद करून काम करतो तो भित्रा, हे गुणाजीचं मत. आणि हे मत काही आभाळातून पडलेलं नाही. गिरणीत होता तेव्हा तो रीतसर मेन पाडायचा, त्याला कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात ठेवायचा. गिरणी बंद पडली आणि तो चाळीतली कामं करायला लागला. चाळीत एका मजल्यावरच्या वीस खोल्यांना मिळून एक मेन. तो पाडला की वीस दारांतून वीस तोंडं बाहेर. कुणाचं वाटण मिक्सरमध्ये अडकलेलं, कुणाची मॅच शेवटच्या ओव्हरला आलेली. शिव्या खाऊन खाऊन गुणाजी शहाणा झाला. लाकडी स्टूल, पायात रबरी चपला, आणि मेन चालू. आधी नाइलाज होता, मग सवय झाली, पुढे सवयीचा अभिमान झाला. चाळीस वर्षांत तीन वेळा जोरदार झटका बसला हे तो कुणाला सांगत नाही. ते काम त्याची बायको रमाबाई करते.

आता चाळ गेली, त्या जागी टॉवर आला आणि नवरा-बायको अठराव्या मजल्यावर जाऊन बसली. घर झकास. पण खिडक्या अशा घट्ट सरकतात की शेजारी काय भांडण चाललंय तेही ऐकू येत नाही, आणि रमाबाईच्या मते याला काही घर म्हणत नाहीत.

त्यात लेकीचं बाळंतपण आलं. प्राची एकुलती एक, नवसाची. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण जावईबापू बोलले. जावई हितेंद्र रबाळ्याच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. माणूस गुणी, पण धंद्याचं खूळ डोक्यात गेलेलं. हॉटेलात गेला तरी आधी बाहेर पडायचा जिना बघतो आणि मग मेनूकार्ड उघडतो. त्याने निरोप धाडला, "बाबा, तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे. घरात दोन अलार्म लागल्याशिवाय प्राची आणि बाळ तिकडे येणार नाहीत." निरोपामागोमाग दोन खोकी आली.

रमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. डिंक आणून ठेवलेला, अळीव निवडून ठेवलेले, खसखस भाजून तयार, आणि लेकीचं येणं दोन पांढऱ्या डब्यांवर अडून बसलेलं. "ताबडतोब लावा ते," तिने नवऱ्याला फर्मावलं. "आणि जावईबापूंशी वाद घालू नका."

हितेंद्रने फोनवर सगळं समजावलं. एक डबा धुराचा, तो हॉलच्या छताला, मधोमध, पंख्यापासून लांब. दुसरा बेडरूममध्ये. हा दुसरा धुराचा नाही. गिझरसारखं काही नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं डोकं जड झालंय, जरा पडू या, आणि मग तो उठत नाही. दोन्ही डबे घरच्या लाइनीवर चालतात, लाइट गेली तर आत बॅटरी आहे. "नीट लक्षात ठेवा बाबा, तीन तीन वेळा ओरडला तर धूर. चार चार वेळा ओरडला तर तो वायू."

"म्हणजे आपला गिरणीचा भोंगाच," गुणाजी म्हणाला. तेव्हापासून त्या घरात अलार्मला भोंगाच म्हणतात.

सोबतचा माहितीचा कागद गुणाजीने स्टुलाखाली अंथरला, भोकाची माती पडायला बरा म्हणून. कागद वाचून काम करायला तो काय कालचा वायरमन होता? हितेंद्र व्हिडिओ कॉलवर बघत होता.

"बाबा, मेन बंद केलात ना?"

"कधीच केला."

"मग तुमच्या मागे पंखा कसा फिरतोय?"

गुणाजीने मागे वळून पंख्याकडे असं पाहिलं, की हा कुठून आला. रमाबाईने जाऊन मेन खाली ओढला. घर शांत झालं. गुणाजीने टेस्टर लावून बघितला, स्टुलावर चढला आणि निमूटपणे, गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा, मेलेल्या लाइनीवर काम केलं. छिन्नी-हातोड्याने भोकं पाडली, त्यांत गट्ट्या ठोकल्या, वायरी जोडल्या. दोन्हींची बटणं दाबली तर भोंगे असे केकाटले की खालच्या मजल्यावरून फोन आला. गुणाजीची छाती दोन इंच फुगली.

पुढचे काही दिवस मात्र रमाबाईचे आणि हॉलमधल्या भोंग्याचे वाईट गेले. तिने सुके बोंबील भाजले, भोंगा तीनदा. गुरुवारी ऊद जाळला, भोंगा तीनदा. फोडणीत मिरची जास्त पडली, तरी तीनदा. "मेल्याला वासाचं वावडं आहे," ती म्हणाली. पण बाई हार मानणारी नव्हती. दार लावून भाजायचं, खिडकी उघडून फोडणी द्यायची, ऊद खिडकीतच फिरवायचा, असं करून तिने भोंग्याला आठवड्यात सरळ केलं. भोंगा फक्त धुरावर ओरडतो हे तिने अनुभवाने ठरवलं, आणि दुसरा डबा तर बिचारा एकदाही बोलला नव्हता. तो तिने हिशेबातच धरला नाही.

प्राचीला मुलगी झाली आणि मायलेकी माहेरी आल्या. बाराव्या दिवशी सकाळी रमाबाईने आपलं खरं शास्त्र बाहेर काढलं, ते म्हणजे शेकशेगडी. या बाबतीत रमाबाई म्हणजे अख्ख्या चाळीचं विद्यापीठ. निदान तीस बाळंतिणी तिच्या शेगडीवर शेकून उठल्या होत्या. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशोपा, अंगावर गोधडी, आणि बाळंतिणीला वाऱ्याचा झोत लागता कामा नये. फक्त कोळसा टॉवरमध्ये कुठे मिळणार? तो तिने खालच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर आणला.

आणि भोंग्याचा बंदोबस्तही तिने केला होता. कोळसा स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत फुलवला, धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत वारा घातला. लालभडक, स्वच्छ निखारे झाल्यावरच शेगडी खोलीत नेली, आणि ओव्याची चिमूटही दोन-चार दाण्यांवर आणली. मग खिडकी घट्ट सरकवली, पडदा ओढला, बाळाच्या डोळ्यांना नको म्हणून दिवा मालवला आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. भोंगा गप्प. रमाबाई हॉलमध्ये येऊन पाय पसरून बसली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "यंत्राला पण शिस्त लावावी लागते."

तासाभराने ती खोलीत डोकावली आणि त्याच क्षणी भोंगा सुरू झाला. बेडरूममधला.

"अहो, तुमचं वायरिंग बिघडलं," रमाबाई ओरडून म्हणाली. "धूर नाही, फूर नाही आणि बोंबलतोय बघा कसा. तोडा ती वायर."

दुसरं काही म्हणाली असती तर गुणाजीने खरोखर वायर तोडली असती. पक्कड हातात होती, एक पाय स्टुलावर होता. पण तुमचं वायरिंग बिघडलं? त्याने पाय खाली घेतला.

"माझं वायरिंग बिघडत नाही."

"मग ओरडतो कशाला?"

"माझं वायरिंग बरोबर आहे म्हणून ओरडतो. थांब, मोजू दे." त्याने बोटांवर मोजलं. चार. थांबला. पुन्हा चार. "चार आहेत. धूर नाही, तो दुसरा वायू."

"मग गिझर असेल."

गुणाजी बाथरूममध्ये जाऊन आला. गिझर सकाळपासून बंद होता. गॅसची शेगडीही बंद होती. "मग घरात जळतंय काय?" तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याची नजर खाटेखाली गेली.

"तो निखारा आहे," रमाबाई म्हणाली. "त्याला धूर कुठाय? तीस बायकांना दिलाय मी शेक, एकीला काही झालं नाही. आधी तो भोंगा बंद करा, पोर दचकेल."

पण पोर दचकत नव्हती. डोक्यावर भोंगा केकाटत होता, खालच्या मजल्यालाही ऐकू जात असेल, आणि बारा दिवसांची पोर प्राचीच्या कुशीत पडून होती. पापणी हलत नव्हती. प्राचीने डोळे अर्धवट उघडले. "आई," ती जड जिभेने म्हणाली, "डोकं दुखतंय गं. मळमळतंय मघापासून."

पक्कड कुठे पडली ते गुणाजीला आजही आठवत नाही. त्याने पोर उचलली, खिडकी सताड उघडली, प्राचीला हाताला धरून बाहेर लॉबीत आणलं. पोर रमाबाईच्या हातात देऊन तो परत आत गेला, श्वास कोंडून शेगडी खोलीबाहेर काढली आणि गॅलरीत नेऊन पाण्याच्या बादलीत बुडवली. लॉबीत रमाबाई नातीच्या तळव्याला टिचक्या मारत होती. एक मारली, दोन मारल्या. तिसऱ्या टिचकीला पोरीने तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की भोंगा मागे पडला. रमाबाई नातीपेक्षा मोठ्याने रडायला लागली.

हितेंद्रने फोनवर एकच सांगितलं, टॅक्सी करा आणि हॉस्पिटलमध्ये जा. तिथे दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण बाई तरुण होती, पण आवाज हेडमास्तरणीचा. "बंद खोलीत कोळसा कुणी ठेवला?" तिने विचारलं.

रमाबाईने मान खाली घातली. "आम्ही ठेवला," गुणाजी म्हणाला.

डॉक्टरीण बाई म्हणाली, वेळेवर आणलंत, दोघी ठीक आहेत, आजचा दिवस राहू दे. मग गुणाजी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला.

रमाबाई शेजारी येऊन बसली. "चाळीत काही झालं नव्हतं हो," ती हळूच म्हणाली. चाळीत होणार कसं? चाळीच्या खोलीचं दार दिवसभर उघडं, वरची झडप बिनकाचेची, भिंतीत उंदीर जाईल एवढ्या फटी. वारा बंद करायचा म्हणजे काय, हे तिला टॉवरमध्ये पहिल्यांदाच जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे घरी आले. हितेंद्रही रजा टाकून आला. सासूला तो एक शब्द बोलला नाही, गुणाजीच्या मात्र पाया पडला. "बाबा, तुमच्या वायरिंगने वाचवलं." गुणाजीने 'असू दे, असू दे' म्हणत छाती पुन्हा दोन इंच फुगवली आणि जावयाला काम दाखवायला बेडरूममध्ये नेलं.

हितेंद्र छताकडे बघत उभा राहिला. "यावर हिरवा दिवा दिसायला हवा ना?"

हिरवा दिवा नव्हता. हितेंद्रने खोलीचा दिवा लावला. भोंग्यावरही हिरवा दिवा लागला. त्याने खोलीचा दिवा मालवला. हिरवाही गेला.

गुणाजीला सगळं एका क्षणात कळलं. वायरीसाठी छतावर नवी पट्टी मारायचा कंटाळा करून त्याने भोंग्याची लाइन दिव्याच्या स्विचवरून घेतली होती. दिवा बंद की भोंगा बंद. बाळंतिणीच्या खोलीत दिवा लागत होता किती? तो डबा सगळे दिवस बिनलाइनीचा, नुसत्या बॅटरीवर जगला होता. ती संपली असती तर एक शब्द न बोलता गेला असता. आणि हा, माझं वायरिंग बरोबर म्हणून स्टुलावरून खाली उतरलेला.

"अशी लाइन घ्यायची नसते," हितेंद्र हळू आवाजात म्हणाला. "याला स्विच नसलेली लाइन लागते. पण राहू दे बाबा. मी संध्याकाळी गुपचूप बदलतो. कुणाला कळणार नाही."

सोय चांगली होती. गुणाजीने दार लावून घेण्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात हॉलमधून रमाबाईचा आवाज आला. ती फोनवर होती, अकराव्या मजल्यावरच्या मंजुळेशी. मंजुळेची सून कालच बाळ घेऊन घरी आली होती.

"शेगडी पेटवू नकोस," रमाबाई सांगत होती. "होय, मीच सांगितलं होतं. होय, कोळसाही मीच दिला. चुकलं माझं, मंजुळे. माझ्या हातून माझी नात गेली असती. तू हसलीस तरी चालेल, पण तो कोळसा आधी खाली इस्त्रीवाल्याला देऊन ये."

तेहतीस वर्षांच्या संसारात 'चुकलं माझं' हे शब्द गुणाजीने बायकोच्या तोंडून ऐकले नव्हते. त्याने दार तसंच उघडं सोडलं. मग हॉलमध्ये गेला.

"रमे, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "मंजुळेला सांग, वायरिंगही चुकलं होतं. भोंगा ओरडला तो आपल्या नशिबाने, माझ्या कामाने नाही."

रमाबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळे अजून लाल होते. मग तिने पदराने नाक पुसलं, बाजूची खुर्ची त्याच्यासाठी ओढली आणि फोनमध्ये म्हणाली, "मंजुळे, मी नंतर करते गं. आमचे हे काहीतरी कबूल करतायत. पहिल्यांदाच करतायत, सावकाश ऐकायला पाहिजे."