व्हर्माँटचा चिखलाचा महिना

न पाहिलेल्या गावाचं वर्णन लिहून तुम्हाला कुणाला तरी तिथं पाठवायचं असेल, तर त्यातलं काय गाळाल?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत माझ्यापुढे हा प्रश्न आला. अबू युसूफ आमचे जुने बहारीनी गिऱ्हाईक. त्यांच्या आईनं जन्मात डोंगर पाहिला नव्हता. गुडघे गेलेले, हातात काठी, पण हट्ट एकच: हिरवा डोंगर बघायचा. नातू युसूफ अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्माँट या छोट्या राज्यात शिकत होता, म्हणून तिथलेच डोंगर ठरले. आमचे मॅनेजर प्रधान साहेब यांनी बुकिंग धरलं एप्रिलचं. बहारीनमध्ये उकाड्याआधीचा तो शेवटचा बरा महिना. आम्हाला वाटायचं, तो जगभर बराच असणार.

पानभर माहिती लिहायचं काम माझं. समुद्रकिनारा नाही, पश्चिमेला मोठं सरोवर, मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग, तिचं नावच 'हिरवे डोंगर'. गाई, दूध, चीज. ग्रॅनाइट आणि संगमरवराच्या खाणी. मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला गोड पाक. हिवाळ्यात स्कीइंग, ऑक्टोबरच्या सुमारास लाल-पिवळी पानं बघायला गर्दी.

तिकीट न्यायला आलेली एक अमेरिकन नर्स तिकडचीच निघाली. तिला पान दाखवलं.

"छान आहे. पण एप्रिलमध्ये?" ती हसली. "बर्फ वितळतो, कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो. झाडं उघडीबोडकी, कितीतरी हॉटेलं बंद. आम्ही त्याला चिखलाचा सीझनच म्हणतो."

मी ते पानावर घातलं. प्रधान साहेबांनी वाचलं.

"ग्रेस, ही ओळ काढ. बुकिंग कॅन्सल झालं की ते शेजारच्या एजन्सीत जातील."

"खरं आहे ते, सर."

"आपण तिकिटं विकतो, भूगोल नाही. तुझा व्हिसा रिन्यूअलला माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण म्हातारी काठी टेकत चिखलात उतरेल, तेव्हा तिथं तुम्हीही नसाल, मीही नसेन."

वसईला वडिलांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत मी वाढले. छापलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यायची, हे घरचं शिक्षण. ओळ मी काढली नाही.

साहेबांनी पान पुन्हा वाचायला घेतलं. चहा निवला. अबू युसूफ आले, तेव्हा साहेबांनीच ते पान पुढे केलं. "एप्रिल मफी," ते तिकडच्या बोलीत 'नाही' म्हणाले. "ऑक्टोबरला जा."

"आई थांबेल का, तिलाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी निरोप आला: थांबते म्हणाली, इंशाल्ला.

ते ऑक्टोबरला गेले, तिकिटं आमच्याकडूनच काढून. परतल्यावर म्हातारीनं मेपलच्या पाकाचा डबा पाठवला आणि तक्रारही: "हिरवा डोंगर म्हणालात, लाल निघाला. पण पायाला चिखल लागला नाही."

माझा व्हिसा रिन्यू झाला. त्याबद्दल साहेबांचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार, गिऱ्हाईक जाईल असं वाटत असतानाही ते पान पुढे केल्याबद्दल.

तुमच्या गावाचं माहितीपत्रक निघेल, तेव्हा तिथला चिखलाचा महिना आधी छापा. आणि तो छापू देणाऱ्या साहेबाला जाऊन भेटा, दोन शब्द बरे बोला.