चैत्याच्या वाटणीची बट्टी

धानोऱ्यात कुणाच्या पंगतीला वरण-बट्टी असली, की माणसं पहिला घास खाऊन विचारतात, "तापीकाकूची का?" हो म्हटलं तर ताट पुढे करतात, नाही म्हटलं तर ताक मागतात.

तापीकाकूचा स्वभाव तसा लोण्यासारखा आहे. फक्त तिच्यासमोर दुसऱ्या बाईच्या हाताला चव आहे असं म्हणू नये. म्हटलंच, तर काकू भांडत नाही. "असं?" एवढंच म्हणते. पण त्या "असं"वर मिरच्या भाजून निघतील.

अशा या काकूच्या घरी यंदाच्या थंडीत तिची नात आली. मयूरी, वय अडीच. मुलगा साखर कारखान्यात, तिथे हंगाम जोरात. सून संध्या मोलगीकडे नर्स, तिला प्रशिक्षणासाठी नाशिकला जायचं होतं. जाताना ती म्हणाली, "आई, ही खाण्याची फार नाटकं करते. तुमच्याकडे नाहीच खाल्लं, तर परत येईन तेव्हा शहाद्याला माझ्या आईकडे ठेवते. ती नाचणीचं सत्त्व करते, ते ही खाते."

"असं?" काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून काकूच्या चुलीला विसावा नाही. तुपातली मुगाची खिचडी झाली, मोरधनाची म्हणजे भगरीची खीर झाली, गूळ घातलेल्या शेवया झाल्या. बट्टी तर अशी केली, की वासाने शेजारच्या दारातली माणसं उगाच वेळ विचारायला येऊ लागली. मयूरी प्रत्येक ताटासमोर बसायची, ताटाकडे नीट बघायची आणि तोंड मिटायची. जेवणाच्या सुट्टीत बँकेची खिडकी बंद होते, तसं. मग ते कुणाच्या ओळखीने उघडत नसे. काकूने चिऊचा घास केला, काऊचा केला, शेवटी एस.टी.चा केला. एस.टी. तोंडाशी येऊन परत डेपोत गेली.

काकूच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस विहीणबाईंची सत्त्वाची बरणी.

अशात एका दुपारी मयूरी अंगणातून दिसेनाशी झाली. काकू गल्लीभर फिरली आणि शेवटी शेजारच्या फुलीकाकूच्या ओट्यावर पाहते, तर पोरगी बसून जेवत होती. फुलीकाकूची भाकर म्हणजे एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने कोळसा. डाळ इतकी पातळ, की वाटीत आपलं तोंड बघून भांग पाडावा. फुलीकाकूचा नवरा शेतावरून येताना हॉटेलात भजी खाऊनच घरी येतो, हे गावाला माहीत. आणि ती भाकर मयूरी दोन्ही हातांनी कोंबत होती.

"फुली, काय दिनं वं तू मन्ही पोरले?"

"काय देऊ? भाकर शे. माय, तुन्ही पोर भुकी व्हती. घर रांधत नही का काही?"

हा प्रश्न तापीकाकूला. आयुष्यात पहिल्यांदा. ती मयूरीला काखेत मारून घरी आली.

दुसऱ्या दिवशी मयूरी पुन्हा तिकडे. तिसऱ्या दिवशी फुलीकाकूने वाटीभर डाळच पाठवली, "पोरले आवडस" असा निरोप जोडून. आता आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. कितीही राग असो, वाटीत काहीतरी घालूनच पाठवायचं. काकूने डाळ म्हशीच्या घमेल्यात ओतली, वाटी घासली आणि तिच्यात आपली बट्टी कुस्करून, वर तुपाची धार सोडून पाठवली. मनात हिशेब असा, की पोरगी तिथे का होईना, पण आपल्या हातचं खाईल.

पोरीने खाल्ली. वाटी चाटून खाल्ली.

पण झालं काय, की रात्री संध्याचा फोन आला. "बाळा, आज काय खाल्लंस?"

"फुली आजीनी बट्टी," मयूरी म्हणाली.

संध्याला इतका आनंद झाला. "आई, फुलीकाकूंना विचारून ठेवा ना कशी करतात ती. मी रविवारी आले की शिकून घेईन."

काकूने हातातला घास ताटात परत ठेवला. मुलुखभर पंगती जेवू घातल्या आणि स्वतःच्या बट्टीची कृती फुलीला विचारायची. त्या रात्री तिने हिरव्या मिरचीचा ठेचा केला. कुणाला हवा होता म्हणून नाही, वरवंट्याखाली काहीतरी हवं होतं म्हणून.

सकाळी मयूरी तिकडे गेली, तशी काकू मागच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. फुली डाळीत काय टाकते ते आज बघायचंच. फुली काहीच टाकत नव्हती. मीठसुद्धा विसरली होती. तिने मयूरीपुढे ताटली ठेवली आणि पाठ फिरवून शेंगा निवडत बसली. तेवढ्यात चैत्या आला. चैत्या म्हणजे फुलीकाकूचा बोकड, गेल्या चैत्रातला, घरात माणसासारखा फिरणारा. त्याने ताटलीत तोंड घातलं. मयूरीने त्याला कोपराने ढकललं, "मन्ही शे" म्हणाली आणि तुकडा तोंडात कोंबला. चैत्या पुन्हा आला. मयूरीने पुन्हा कोंबला. त्याच्याकडे रोखून बघत ती चावत होती. ती नजर काकूच्या चांगली ओळखीची होती. पंगतीत दुसऱ्या बाईच्या डाळीचं कौतुक झालं, की ती काकूच्याच डोळ्यांत येते.

पोरगी नाकाने बापावर गेली असेल, पण जळण्यात पूर्ण आजीवर.

आता प्रश्न बोकडाचा होता. काकू पुढच्या दाराने फुलीकाकूकडे गेली. "फुली, चैत्याले माले दे वं. रविवारलोंग."

"काबरं?"

"असंच. आंगन सुनं लागस."

फुलीकाकू स्वयंपाकात कच्ची, पण बाकी कशात नाही. ती शेंगा निवडता निवडता म्हणाली, "दिसू तुले बोकड. पन हाई डाळ चाखी दाखाड. आनि कशी शे ते सांग. मोठ्याने सांग, बाहेर बाया बठेल शेत."

काकूने डाळ तोंडात घेतली. बाहेर शेंगा निवडायला जमलेल्या बाया हात थांबवून ऐकत होत्या. काकूने डोळे मिटले, सत्त्वाची बरणी आठवली आणि म्हणाली, "गरम शे."

यापेक्षा मोठी स्तुती तिने कधी कुणाची केलेली नाही. फुलीकाकूने दोरी हातात दिली.

रविवारी संध्या आली, तेव्हा ओट्यावर आजी, नात आणि बोकड अशी पंगत बसलेली. काकू हातात बट्टीचा घास घेऊन "चैत्या, हाऊ तुन्हा" म्हणायची आणि तो घास चैत्याकडे निघण्याआधीच मयूरीच्या तोंडात गडप व्हायचा. संध्या दारातच उभी राहिली. नर्स असल्याने बोकड आणि ताट यांच्यातलं अंतर तिने डोळ्यांनी मोजलं. मग लेकीचे गाल बघितले आणि चपला काढल्या.

"राहू दे इकडेच," ती म्हणाली. "आईला कळवते मी."

"असं?" काकू म्हणाली. या वेळचं "असं" तुपातलं होतं.

मयूरीचं पोट भरलं. तिने उरलेली बट्टी स्वतःहून चैत्यापुढे सरकवली. चैत्याने ती हुंगली, मान वळवली आणि टुणकन खाली उतरून थेट फुलीकाकूच्या दारात गेला. तिथे त्याने करपलेल्या भाकरीचा तुकडा उचलला आणि चवीने चावू लागला.

काकू बघत राहिली. सून हसली, नात हसली, भिंतीपलीकडून फुलीकाकूही हसल्याचा आवाज आला.

संध्याकाळी काकूने चुलीवर पुन्हा बट्टीचं आधण ठेवलं. पोरगी जेवली होती, सून जेवली होती. "आता कुणासाठी?" संध्याने विचारलं.

"कोन्हासाठे नही," काकू म्हणाली आणि चैत्या गेला त्या दाराकडे बघत पिठात तूप जरा जास्तच घातलं.