टायर कोणी निवडले

हे मी आजवर कोणालाच, अगदी घरीही, सांगितलेलं नाही.

रविवारी आमच्यासोबत सायकलवर येणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, रामराम करायच्या आधी समोरच्याच्या टायरवर अंगठा दाबून पाहायचे. "भूक लागली गा याले," म्हणत स्वतःच हवा भरायचे. नवे टायर घेताना सगळे आधी त्यांनाच विचारायचे.

मीही विचारलं. ते म्हणाले, "पतल्याच्या नादी नको लागू गा. ज्याच्यात काटा अडवाले पट्टा रायते, तो घे. पळते बी चांगला." मी मात्र दुकानातून पातळ, गुळगुळीत जोडी उचलली. मला सगळ्यांच्या पुढे राहायचं होतं.

उमरेडच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांनी माझी दोन्ही चाकं बसली. सगळे उन्हात खोळंबले. "कोनं सांगतले बे हे टायर?" एकाने वैतागून विचारलं.

"भाऊंनी," मी म्हणालो.

ते माझंच चाक खोलत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "हो गा, माहीच चूक झाली. पंप दे इकडे, ऊन चढून राहिलं."

"आता भाऊले नाही विचारायचं," कोणीतरी हसलं. तेव्हापासून खरंच कोणी विचारत नाही, आणि तेही कोणाच्या टायरला हात लावत नाहीत. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात. तेच सोसवत नाही.

टायर त्यांनी नाही, मी निवडले होते, हे त्या सगळ्यांसमोर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.