मनोरा पाडा म्हणणारा गवंडी

"मनोरा पाडा रे, माणसं मरतील," असं म्हातारा भेटेल त्याला सांगत सुटला, तेव्हा गावाने ठरवून टाकलं की याची साठी बुद्धी नाठी झाली. कारण चर्चचा तो मनोरा बांधला होता त्यानेच. त्यावरूनच लोक त्याला मनोरेवाले म्हणत, आणि तरुणपणी ती हाक ऐकली की तो मिशीतल्या मिशीत हसायचा. आता तीच हाक कानात शिसं ओतल्यासारखी वाटे.

मूळचं चर्च त्याच्या पणजोबांच्या पिढीचं. त्याआधी मंडळी एका पडक्या मेंढवाड्यात प्रार्थनेला जमायची. मग गावामागच्या खाणीतून करडा दगड निघाला, बायकांनी तो डोक्यावरून वाहिला आणि पुरुषांनी शेतीची कामं उरकून संध्याकाळी भिंती चढवल्या. माणसं साधी, पण हट्टी. मूर्ती नको, रंगीत काचा नकोत, थाट नको. देवाचं वचन सगळ्यांना ऐकू आलं म्हणजे झालं. म्हणून एकच लांबट, बुटकी खोली बांधली. भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसावा. खिडक्या उंचावर, साध्या काचेच्या, म्हणजे उजेड थेट मांडीवरच्या पुस्तकावर पडेल. प्रवचन देणाऱ्या पाळकाचं व्यासपीठ टोकाला नव्हे, लांब भिंतीच्या मधोमध, म्हणजे त्याच्यापासून कुणीच दूर बसायला नको. पुढे माणसं वाढली तेव्हा दाराच्या वर एक लाकडी सज्जा घातला, तेवढीच काय ती भर. आणि हे सगळं खडकावर. पिढ्या गेल्या, भिंत केसभर हलली नाही.

मग शेजारच्या गावाने आपल्या चर्चला मनोरा बांधला, आणि या गावाच्या पोटात दुखायला लागलं.

तेव्हा म्हातारा गवंडीकामाच्या ऐन भरात होता. पंचांनी काम त्याच्याकडे दिलं. दारासमोर पाया खणला तर अर्ध्या भागात खडक लागला आणि अर्ध्यात जुन्या खाणीतून आणून टाकलेला सैल भराव. त्याने भरावावर रुंद दगडी फरशा अंथरल्या, ठोकून ठोकून बसवल्या, आणि मनाला म्हणाला, एवढं पुष्कळ झालं. मनोरा आणि चर्च एकजीव व्हावं म्हणून त्याने जुन्या भिंतीतले दगड एकाआड एक काढले आणि तिथे मनोऱ्याचे दगड अडकवले, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. गवंडी त्याला दाते म्हणतात. या दात्यांचा त्याला कोण अभिमान! "आता भूकंप आला तरी दोघं सुटायचे नाहीत," असं तो चारचौघांत सांगायचा.

म्हातारपणी एकदा सज्ज्यावरचं फुटकं कौल बदलायला तो वर चढला, तर कोपऱ्यातल्या भेगेतून त्याला बाहेरचं आभाळ दिसलं. हात आत गेला. मनगटापर्यंत गेला. तो तसाच खाली उतरून पंचांकडे गेला.

पंचांनी शहरातून इंजिनियरबाई बोलावल्या. त्यांनी मनोऱ्याभोवती फिरून मोजमाप केलं आणि सरळ सांगितलं, "मनोरा भरावाच्या बाजूला खचतोय. सुटा बांधला असता तर एकटाच पडला असता. पण तो भिंतीत गुंतवलाय, त्यामुळे जाताना तो भिंत आणि सज्जाही घेऊन जाईल. पावसाआधी उतरवून घ्या."

मुख्य पंच म्हणजे म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. त्याने बाईंना चहा पाजला, आभार मानले आणि त्या गेल्यावर म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी."

"धाकट्या, पुढचं वर्ष नाही रे येणार!"

"दादा, आख्खं गाव त्या मनोऱ्याकडे बघून लहानाचं मोठं झालं. तू बांधलास, आणि आता तूच पाड म्हणतोस? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"घालू देत. मी खाईन. तुझ्या पाया पडतो."

आणि तो खरंच पाया पडायला वाकला. धाकटा दोन पावलं मागे सरला. थोरल्या भावाने पाया पडावं म्हणजे काय!

त्यानंतर म्हाताऱ्याने दारोदार जाऊन सांगितलं. लोक आधी ऐकून घ्यायचे, मग त्याला येताना बघून दार लोटायला लागले. पाळकांनी त्याच्यासोबत प्रार्थना केली. "प्रार्थनेने भराव घट्ट होत नाही, पाळकबाबा," तो रडवेला होऊन म्हणाला, आणि लगेच देवाची क्षमाही मागितली.

त्यात नातीचं लग्न ठरलं, आणि लागणार होतं चर्चमध्येच. त्याने तिला जवळ घेऊन विनवलं, "अंगणात लग्न लाव पोरी, मी मांडव घालतो." नात म्हणाली, "आजोबा, आई-बाबांचं लग्न तिथेच लागलं. मला तिथेच उभं राहायचंय. तुम्ही उगाच जीव खाताय सगळ्यांचा."

लग्नाच्या सकाळी तो चर्चच्या उंबऱ्यावर आडवा पडला. मानसन्मान गेला खड्ड्यात. पाहुणे आले, कुणी हसलं, कुणाला कसनुसं झालं. शेवटी मुलाने त्याला दंडाला धरून उठवलं. मुलाचे डोळे लाल झाले होते. "बाबा, आजचा दिवस तरी..." एवढंच तो बोलला.

मग म्हातारा आत गेला आणि बरोबर भेगेखाली, सज्ज्याच्या सर्वांत वाईट कोपऱ्यात जाऊन बसला. म्हातारी येऊन शेजारी टेकली.

"तू ऊठ इथून. तिकडे व्यासपीठापाशी जा."

"जन्मभर तुमच्या शेजारी बसले, आता कुठे जाऊ?" ती म्हणाली आणि गाण्याचं पुस्तक उघडून बसली.

सबंध विधी त्याने वर बघत काढला. नातीने होकार कधी दिला तेही त्याला कळलं नाही. काही झालं नाही. कौल हललं नाही, चुन्याची खपली पडली नाही. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "मनोरेवाले, मनोरा अजून उभा आहे हो!" आणि हशा पिकला. म्हाताऱ्याला मात्र क्षणभर वाटून गेलं, पडला असता तर बरं झालं असतं. त्या विचाराने तो इतका घाबरला की घरी जाऊन तोंड पांघरुणात खुपसून पडून राहिला.

पावसाची झड लागली आणि एका दुपारी मनोरा गेला. आवाज असा झाला की लोकांना वीजच पडल्यासारखं वाटलं. म्हातारा अनवाणी धावला. दाराकडची भिंत, सज्जा, पुढची कौलं, सगळ्याचा एक ढीग झाला होता. ढिगापाशी भावजय ऊर बडवत उभी होती. धाकटा गळणाऱ्या कौलांखाली बादली ठेवायला आत गेला होता.

लोक वाटेल तिथून दगड ओढायला लागले. "थांबा! तो ओढू नका, वरचा खाली येईल!" म्हातारा ओरडला, आणि या वेळी सगळे थांबले. त्याने ढिगावर पालथं पडून फटीला तोंड लावलं. "धाकट्या! ए धाकट्या!"

त्याने फटीला कान लावला. मग खालून बारीक आवाज आला, "दादा, ओरडू नकोस... इथे जागा आहे. सज्ज्याची तुळई आडवी पडलीये. पाय नाही हलत."

संध्याकाळ होईपर्यंत तो एकेक दगड दाखवत गेला आणि मुलगा, नातजावई, पंच, सगळे तो तो दगड उचलत गेले. काही दगडांवर त्याच्याच छिन्नीच्या खुणा होत्या. नखं उलली, गुडघे सोलले, पण त्याला बाजूला घ्यायची कुणाची छाती झाली नाही. धाकटा जिवंत निघाला. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळात धाकट्याने तोंड फिरवूनच म्हटलं, "म्हण ना आता, मी सांगत होतो म्हणून."

"नाही म्हणत."

"दाते घातले नसतेस तर जुनी भिंत वाचली असती. मीही."

"हो," म्हातारा म्हणाला.

खडकावरच्या तीन भिंती अजून सरळ उभ्या आहेत आणि व्यासपीठावर पावसाचं पाणी साचतं. मंडळी धान्याच्या गोदामात जमते. पंच म्हणतात, दाराकडची भिंत परत बांधू, मनोरा नको. त्यांनी म्हाताऱ्याला देखरेखीला बोलावलं, पण तो गेला नाही. घडवलेला दगड दिसला की तो वाट बदलतो.

परवाच्या उपासनेत पाळकांनी धाकट्याचा जीव वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. म्हाताऱ्याला ते म्हणता येईना. तो उठून बाहेर आला आणि ओल्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने मागून कुबड्यांचा आवाज आला.

"आत चल," धाकटा म्हणाला. "इथे वर नुसता पत्रा आहे. पडला तरी डोक्याला टेंगूळ येईल, बस्स."

म्हातारा हसला नाही, उठलाही नाही. धाकट्याने भिंतीला टेकून तोल सावरला आणि आतलं गाणं संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.