पलटणवाल्याचं घर

"शेळीच्या पायाला कापूस पायजे," ती म्हणाली. "कुंपनान अडकली. जखम भरत नाय."

मी कापूस दिला. चार दिवसांनी ती पुन्हा आली, मग पुन्हा. कापूस संपायचा, शेळी काही बरी व्हायची नाही. मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, ती शेळी लढाईवर गेली होती की काय? इतका कापूस माणसाला लागत नाही." ती नुसती हसली आणि पदराआड कापूस घेऊन निघून गेली. त्या हसण्यात काही खटकलं होतं, पण बाकड्यावर रडणारी पोरं होती, आणि मी त्यांच्याकडे वळले.

जासईच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाकडं, औषधांचं एक कपाट आणि मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा सायकलवरून यायचे. बाकीचे दिवस गाव माझ्यावर चिडायचं आणि मी गावावर. साठ साल नुकतंच उलटलं होतं. नवी मुंबई हे नाव तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हतं. पुढे खाडी, मागे डोंगर, मधे मिठागरं आणि भातखाचरं, आणि खाचरांना खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा लांबच लांब बांध.

त्या बांधाबद्दल सांगायला हवं, कारण गावाचं सगळं त्याच्यावर होतं. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरे, आणि पुढची काही वर्षं त्या शेतात भात म्हणून पिकत नसे. म्हणून दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, गाव बांधावर उतरायचं. घरटी एक बाप्या, म्हणजे एक पुरुष, आलाच पाहिजे. सकाळी गावचा म्होरक्या बांधावर उभा राहून एकेका घराचा पुकारा करायचा. माणसाचं नाव घ्यायचं नाही, घराचं घ्यायचं. "चिंचेखालचा घर!" की कोणीतरी म्हणायचं, "हाय!" "देवलामागचा घर!" "हाय!" बायकाही दिवसभर डोक्यावरून चिखलाची घमेली वाहायच्या, पण पुकाऱ्यात त्यांना धरायचे नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी बोलूनही दाखवायचे. म्होरक्या मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी तेच करायचा.

कापूस नेणारीचा नवरा त्या गावातला एकटा फौजी. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या रानात होता, पायाला तोफगोळ्याचा तुकडा लागला होता, बरा होऊन परत आला होता. गाव त्याला पलटणवाला म्हणायचं. ताठ चालायचा, मिशा नीट राखायचा, आणि उन्हाळा असो पावसाळा असो, डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाकी पट्टी गुंडाळलेली असायची. पोरं त्याची नक्कल करायची. मी सातारकडची, माझ्या माहेरी घरोघरी फौजी. त्यामुळे ती पट्टी मला फौजी माणसाची हौस वाटायची, दुसरं काही नाही. कसं काय विचारलं की तो म्हणायचा, "ठीक है, बाय." तापात असताना म्हणायचा, ठीक है. एकदा माळ्यावरून पडला तेव्हाही जमिनीवरूनच म्हणाला, ठीक है.

त्या फाल्गुनात आम्हा सगळ्यांना पनवेलला एका सभेला बोलावणं आलं. आजूबाजूच्या गावांतले डॉक्टर, नर्सा, कंपाउंडर. विषय होता, लढाईवरून परतलेल्या जवानांवर उपचार करताना काय नवीन ध्यानात घ्यायचं. मी नाक मुरडतच गेले. चहा गार होता. पहिल्या वक्त्याने देशासाठी त्याग, बलिदान वगैरे इतका वेळ चालवलं की शेजारचे कंपाउंडर घोरायला लागले. मग एक निवृत्त फौजी डॉक्टर उठले. ठेंगणे, टकले, आवाज मात्र परेडीचा.

ते म्हणाले, नवी औषधं आली आहेत ती सांगतोच, पण त्याआधी हे ऐका. फौजेत आजारी म्हणून पुढे आला की सोबती चेष्टा करतात, कामचुकार म्हणतात. ती सवय जन्मभर सुटत नाही. तेव्हा साठीचा असो चाळिशीचा असो, फौजेत होतात का, हे विचारा. जुनी जखम आहे का असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. उघडून पाहा, आणि चारचौघांत पाहू नका. वरून भरलेल्या जखमेच्या आत मेलेलं हाड राहतं, ते वर्षानुवर्षं वाहत राहतं. नुसत्या पेनिसिलिनने ते भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि लष्करी इस्पितळात ती त्याच्या हक्काची आहे.

शेळी. मी मनातल्या मनात सगळा कापूस मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

मी उठून विचारलं, "आणि उपचाराला यायलाच तयार नसला तर?"

ते म्हणाले, "बाई, पहाऱ्यावरचा शिपाई बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही. त्याची जागा कोण घेणार ते आधी बघा. मग तो येईल."

मला ते बोलणं तेव्हा सभेपुरतं टाळ्या घेणारं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. ओटीवर बसलेल्या शेजाऱ्यांना घालवून दिलं, दार ओढून घेतलं आणि त्याला म्हटलं, "दादा, पट्टी सोडा."

"ठीक है, बाय. काय नाय झायला."

"मी विचारलं नाही. सोडा म्हटलं."

बायको चुलीजवळ पाठमोरी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सावकाश पट्टी उलगडायला लागला. शेवटचे वेढे पिवळे आणि ओले होते. नडगीवर एक भोक, बोटाच्या पेराएवढं, आणि त्याच्या कडेने सगळी कातडी काळी पडलेली. वास असा की मला दार उघडावंसं वाटलं. मी उघडलं नाही. मला त्याच्यापेक्षा तिचा राग आला होता, आणि तिच्यापेक्षा माझ्या गावभर फिरणाऱ्या तोंडाच्या पट्ट्याचा. हिला माझ्यापाशी खरं बोलायची भीती वाटली असेल, असं पहिल्यांदा मनात आलं.

आमच्या सायकलवाल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं. आतला हाडाचा तुकडा लवकर काढला तर पाय वाचेल. दरवर्षी खाऱ्या चिखलात उभा राहून त्याने तो सडवत आणला आहे. अजून एक उन्हाळा बांधावर घालवला तर पावसाळ्यात मांडीपासून कापावा लागेल. मुंबईच्या लष्करी इस्पितळात ताबडतोब जायला हवं.

"बांध झायला की जाईन," पलटणवाला म्हणाला.

मी समजावलं, रागावले, हात जोडले. बांध झाला की, याच्यापलीकडे तो हलेना. शेवटी मी तणतणत बाहेर पडले, तर त्याची बायको मागून विहिरीपर्यंत आली.

"बाय, त्याचेवर रागवू नको," ती म्हणाली. "लरायला गेलता तवा आमचे घरान बाप्या नवता. सासरा मेलेला. मी एकली. पुकारा झायला की कोनतरी दुसरा बोलं, हाय. आन त्याचे घरचा आन आमचे घरचा, दोन्ही काम करं. सगली लराई होईसतवर गावानी आमचा बांध राखला. आता तो बोलतं, माझे घराचे नावानी माझे जितेपनी दुसरा कोन उबा रायला नाय पायजे."

"आणि पाय गेला म्हणजे?"

तिने डोळ्यांना पदर लावला. पोर एकच, मुलगी, ती सासरी. तो पाय गेला तर घरात कमावतं कोणी उरणार नव्हतं, पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिला त्याचं ताठ चालणं जायचं दुःख होतं. मलाही रडू आलं, आणि रडू आलं की मी जास्तच तोंड सोडते. तशीच म्होरक्याकडे गेले.

म्होरक्या अंगणात जाळं विणत बसला होता. मी त्याला काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटावी. तुमचा बांध मोठा की माणसाचा पाय, बायका चिखल वाहतात तो तुम्हाला चालतो आणि त्यांचं नाव चालत नाही, वगैरे वगैरे. पलटणवाल्याची बायको त्याच्या जागी उभी राहील, तिला पुकाऱ्यात धरा, असं मी ठणकावून सांगितलं. तो विणत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "तो तिला उबी रावू देल?"

खरं होतं. तो कधीच उभी राहू देणार नव्हता. मग सभेतल्या त्या टकल्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि मी ते म्होरक्याला सांगितलं. पहारा, बदली, सगळं. कुठलं इस्पितळ, हेही सांगितलं. लष्करी म्हटल्यावर त्याचा हात थांबला.

"लष्करी? म्हंजे पलटनीचाच ना?"

"हो, पलटणीचंच."

तो पुन्हा जाळं विणायला लागला. मी तिथून निघाले ती या गावातून बदली मागायची असं ठरवूनच.

बांधाचं काम सुरू झालं त्या सकाळी मीही गेले. मलमपट्टीची पेटी घेऊन जायचा माझा रिवाज होता, फावड्याने कोणाचं ना कोणाचं बोट जायचंच. ओहोटी लागली होती. बाप्ये ओळीने उभे, मागे बायका. पलटणवाला ओळीच्या टोकाला, कपडे स्वच्छ, पट्टी घट्ट, हातात घमेलं. पुकारा सुरू झाला. चिंचेखालचं घर, हाय. विहिरीवरचं घर, हाय. मी मान दुसरीकडे वळवली. मला बघवत नव्हतं.

"पलटनवाल्याचा घर!"

त्याने तोंड उघडायच्या आत चिंचेखालच्या घरातला म्हातारा ओरडला, "हाय!"

पलटणवाला गर्रकन वळला. "कोन रं? मी उबा हाय ना हितं!"

म्होरक्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ते घर पलटनीन गेलाय." आणि पुढचं घर पुकारलं.

नंतर मला कळलं, लढाईच्या वर्षांत दर उन्हाळ्यात म्होरक्या हेच म्हणायचा, ते घर पलटणीत गेलंय. त्या घराचा पुकारा व्हायचा, चिंचेखालचा म्हातारा, जो तेव्हा म्हातारा नव्हता, तो हाय म्हणायचा, आणि कोणा नवख्याने विचारलं तर हेच उत्तर. पलटणवाल्याने ते ऐकायचा प्रश्नच नव्हता, तो तेव्हा रानात होता. आपल्या घराला गावाने कसं राखलं ते त्याने फक्त बायकोकडून ऐकलं होतं. आता समोर ऐकलं.

तो तसाच उभा राहिला. बाजूचे चिखलात उतरले, कुदळी चालायला लागल्या, तरी तो उभाच. मग त्याने घमेलं खाली ठेवलं, उलटं, कोरड्या मातीवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाय, लाँच कवा हाय?"

मुंबईची लाँच सुटायची त्या मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत आम्ही त्याला बैलगाडीतून नेलं. बायको बरोबर गेली. सगळा पाऊस ती दोघं मुंबईत होती. हाडाचा तुकडा काढला, पाय वाचला, थोडा आखूड झाला. दिवाळीच्या सुमाराला तो काठी टेकत परत आला. पट्टी नव्हती. उघड्या नडगीवर लांब लाल वण होता आणि पोरं तो बघायला रांग लावायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाऱ्या चिखलात पाय घालायचा नाही. म्होरक्याने त्याला बांधाच्या माथ्यावरचं काम दिलं, भरतीवर नजर ठेवायची आणि पाणी वळलं की हाक द्यायची. पुकाऱ्याला तो स्वतः हाय म्हणायचा, सगळ्यांत मोठ्याने. मी बदली मागितली नाही.

बांध आता राहिला नाही. खाचरं बुजवून तिथे कंटेनर रचलेले आहेत, आणि बांध कुठून जात होता हे दाखवायला गेले तर मलाच सांगता येत नाही.

पण एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. उत्तरेला लढाई झाली, त्यानंतरचा उन्हाळा. देवळामागच्या घरातला एकुलता पोरगा फौजेत भरती झाला होता. मागे फक्त त्याची विधवा आई. पुकारा झाला तेव्हा ती बायकांच्या पुढे येऊन उभी राहिली होती, घमेलं पोटाशी धरून, चेहरा असा की आता कोणी काही बोललं तर भांडेन. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मीही भांडणारच होते.

"देवलामागचा घर!"

तिने श्वास घेतला. तेवढ्यात बांधाच्या माथ्यावरून, भरतीवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा आवाज आला, "हाय!"

सगळ्यांनी वर पाहिलं. पलटणवाला काठी सोडून ताठ उभा होता.

"ते घर पलटनीन गेलाय," तो म्हणाला.