उलटे मास्तर

चुकावं कसं, हे शिकावं तर आमच्या उलट्या मास्तरांकडून. शिकलेला माणूस चुकला की घसा खाकरतो, उपरण्याशी चाळा करतो. मास्तर छाती पुढे काढून चुकायचे आणि वर म्हणायचे, "कुठं चुकलं ते दाखव, नायतर हेच बरोबर हाय." जुन्नरच्या पेठेत त्यांना सगळे उलटे मास्तरच म्हणत. खरं नाव विचारलं तर शेजारीसुद्धा डोकं खाजवत.

मुलकी परीक्षेत आपटलेल्या थोराड पोरांचा ते वर्ग चालवत. मुलकी पास झालं की शाळामास्तरची नाहीतर तलाठ्याची जागा मिळे. मी दोनदा आपटलो होतो. मिसरूड फुटलं होतं, लग्न झालं होतं, अक्कल तेवढी वाटेत कुठंतरी अडली होती. त्यात महाळुंगे पडवळच्या माझ्या सासऱ्यांनी निरोप धाडला, "जावई पास झाल्याबिगर लेक नांदायला येणार न्हाई." आमच्या पिंपरी पेंढारात ही बातमी माझ्याआधी पोचली. विहिरीवरच्या बायका मला बघितलं की विचारत, "काय भाऊ, औंदा तरी?"

एका मारवाडी शेठजींनी वर्गासाठी वखारीतली खोली दिली होती, पण मास्तर शिकवायचे बाहेरच्या ओट्यावर. कारण वर्गात महारवाड्यातला भिवा होता. सरकारी शाळेनं त्याला जन्मभर दाराबाहेर बसवलं होतं, म्हणून मास्तरांनी सगळा वर्गच दाराबाहेर आणला. पहिल्या दिवशी मी नाक वर करून म्हणालो, "मी आत बसतो." मास्तर म्हणाले, "बस की राव. पण फळा बाहेर हाय." मी तास-दोन तास धान्याच्या पोत्यांशी गप्पा मारल्या आणि गुमान बाहेर येऊन भिवाशेजारी बसलो.

मास्तरांची शिकवायची रीत अशी, की ज्याला जे येत नाही ते त्यानंच मास्तरांना शिकवायचं. माझं घोडं त्रैराशिकात पेंड खायचं. मास्तर पाटी घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसले. आठ माणसं बारा दिवसांत विहीर खणतात, तर सोळा माणसांना किती दिवस लागतील? मास्तरांनी ठोकून दिलं, "चोवीस. माणसं दुप्पट, दिवस दुप्पट."

मी म्हणालो, "कमी लागतील, मास्तर."

"कसे कमी? माणसं वाढली की तंबाखू वाढती, गप्पा वाढत्यात. काम लांबतंच."

मी दिवसभर घसा फोडला. मास्तर हटेनात. आता कुणीही शहाणा ओळखेल की हे सोंग आहे. पण मी शहाणा असतो तर त्या ओट्यावर कशाला असतो? मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, "मास्तरांनाच त्रैराशिक येत नाही."

वडील दुसऱ्या दिवशी काठी घेऊन जुन्नरला आले. ओट्यापुढे उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुमाला हिशेब येत न्हाई म्हनं."

"न्हाई येत," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुमचा ल्योक शिकवतोय. बसा, तुमी बी ऐका."

मग काय, अब्रूचा प्रश्न. मी आमच्याच मळ्यातली विहीर घेतली. कोण खणत होतं, कोण माती ओढत होतं, आठाऐवजी सोळा माणसं लावली असती तर पाणी कधी लागलं असतं, सगळं मांडलं. सहा दिवस, असं म्हणून मी थांबलो. कुठंही अडखळलो नव्हतो, हे माझं मलाच खरं वाटेना. वडिलांनी काठी भिंतीला टेकवली. "मास्तर," ते म्हणाले, "ठेवून घ्या याला. लई बोलतंय, पण बोलतंय बराबर."

त्या वर्षी मी पास झालो. फार वर नव्हे, काठावर. पण काठ तो काठ. भिवाही पास झाला. सासऱ्यांनी शब्द पाळला, बायको नांदायला आली आणि मला मास्तरकी मिळाली. पुढच्या प्लेगात उलटे मास्तर गेले. त्यांना खांदा देताना मी भिवाकडे बघितलं. तो ढसाढसा रडत होता. माझे डोळे कोरडेच राहिले. नोकरीच्या ऐटीत असेन.

नंतर कधीतरी बायकोला अक्षरं शिकवायची मला हौस आली. चुलीपुढे पाटी मांडली. ती पुन्हापुन्हा तेच चुकायला लागली तसा मी कावलो. "किती वेळा सांगू? डोकं आहे की खोकं?"

तिनं पाटी खाली ठेवली. म्हणाली, "तुमी दोनदा आपटला व्हता. तवा मास्तर असंच बोलले व्हते व्हय तुमाला?"

मी सरकारमान्य मास्तर. खांदा देताना जे रडायचं राहिलं होतं ते तिथं चुलीपुढे रडलो, चांगलं हुंदके देऊन. ती बिचारी घाबरली. पाटी पुन्हा मांडीवर घेऊन म्हणत राहिली, "अवं, नका रडू. यील मला. यील."