नव्व्याण्णव भाग पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर मी गॅसची टाकी किती दिवस पुरली, तेही सांगत बसतो.

नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. तराजूच्या काचेचं दार उघडं ठेवून कुणी वजन घेतलं, तर मी अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावतो. मुलं माझी नक्कल करतात, करू देत. नेमकेपणाच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही, असं सगळे मानतात. मीही मानत आलो — एवढी एक गोष्ट सोडून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघं एकाच विषयावर काम करायचो, मी आणि सुनंदा साळवे. साळवे मॅडम माझ्याहून लहान, भिंगारच्या, बौद्ध कुटुंबातल्या, घरातून कॉलेजात शिकवायला आलेल्या पहिल्याच. आमचा विषय असा : काही रेणूंचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपटी पाण्याला भिते, साबणाच्या रेणूंसारखी. पाण्यात सोडले की कुणी न सांगता ते आपापले जुळतात. त्यांचे धागे होतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे बारीक. धाग्यांची जाळी होते, जाळीत पाणी अडकतं. नळी उलटी धरा, थेंब पडत नाही. जोरात हलवा, पातळ होतं. ठेवून द्या — पुन्हा जुळतं! मोडल्यावर स्वतःच सावरणारी रचना. याहून देखणं मी अजून काही पाहिलेलं नाही.

पण आमचा रेणू काही केल्या जुळत नव्हता. त्यात उन्हाळा. डिस्टिल्ड वॉटर करायच्या यंत्राला थंड ठेवायला वाहता नळ लागतो. नळ कोरडा, म्हणजे यंत्र बंद. कॅन रिकामा. आणि दुसऱ्या दिवशी खातेप्रमुखांना काम दाखवायचं. मी काय केलं? प्रयोगशाळेमागे भांडी धुवायला बोअरच्या पाण्याचं पिंप होतं — त्यातलं घेतलं. म्हटलं, एकदा पाहू तर खरं.

सकाळी नळी उलटी केली. थेंब पडला नाही.

खातेप्रमुखांनी पाठ थोपटली. पाणी कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इथपर्यंत चूक म्हणता येईल कदाचित. पुढचं चूक नव्हतं.

एकाने केलेलं दुसऱ्याच्या हातूनही व्हायला हवं, हा आमच्या कामाचा नियम. ते साळवे मॅडमवर आलं. त्यांच्या भावाचं भिंगारला बॅटऱ्यांचं दुकान. बॅटरीत घालायचं पाणी डिस्टिल्डच असतं. मॅडमनी तिथून सीलबंद कॅन आणले, पाणी तपासलं, मगच वापरलं. त्यांच्या नळीतलं पाणी पाणीच राहिलं. पुन्हा केलं, तेच. त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“सर, राग मानू नका. तुम्ही पाणी कुठलं घेतलं होतं?”

“डिस्टिल्ड. दुसरं कुठलं असणार?”

“त्यातलं थोडं उरलंय का? तुमच्यासमोरच करते.”

“संपलं,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी घरी पाणी तापवायच्या हीटरवरचा पांढरा थर खरवडत होतो आणि हात थांबला. आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही तो ज्यामुळे, ते कॅल्शियम. त्यानेच रेणूंची डोकी एकमेकांना बांधली होती! सकाळी लवकर जाऊन मॅडमच्याच पाण्यात आमचा पदार्थ आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराईड घातलं. दुपारपर्यंत नळीतलं सगळं घट्ट बसलं. मी नळी धुऊन टाकली.

म्हणजे मला सगळं कळलेलं होतं — हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा चालू असताना खातेप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, गॅरेजचं पाणी गाडीत घालतात हो. तुमच्या घरचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत कशाला?”

काही जण हसले. ‘तुमच्या घरचं पाणी’ — या गावात, या माणसाला, हे शब्द काय होते, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मॅडमनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. मी चहात बिस्किट बुडवलं.

काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्यांनी संशोधन सोडलं. तास घेतात, पेपर तपासतात. वर्षभराने मी कॅल्शियमचा शोध लावला — मुद्दाम, आखून, पद्धतशीर, असं लिहून. पहिली नळी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातच जुळली होती, कॅल्शियमने जाळी फक्त आणखी घट्ट होते, असंही लिहिलं. त्यावर डॉक्टरेट मिळाली. मॅडम पेढे घेऊन घरी आल्या. “सर, शेवटी तुमचं खरं निघालं. माझ्याच हाताचं काहीतरी चुकत असणार,” म्हणाल्या.

मी पेढा खाल्ला. छान होता, म्हणालो.

त्या नळीत शंभरात एक भाग आमचा पदार्थ होता. त्याचं वजन मी दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत बरोबर केलं होतं. उरलेले नव्व्याण्णव भाग पाणी. त्याबद्दल मी खोटं बोललो.

साळवे मॅडमचं पाणी शुद्ध होतं, आणि हातही चुकला नव्हता. त्यांनी विचारलेला प्रश्न हाच खरा शोध होता. पाणी बोअरचं होतं. त्यांनी विचारलं, तेव्हा मला ते माहीत होतं.